सीट मागे घ्या, पण जपून!

घरात सहा फुटी माणूस असला की येणारेजाणारे कौतुक करतात. पण त्याच्यापायी घरात काय काय तोकडं पडतं, ते त्या घरच्या गृहिणीलाच ठाऊक! पलंग तोकडा, तयार पँट तोकडी, माळ्याखालचं दार ठेंगणं. पांघरुणाची तेवढी आपल्याला सोलापुरात चिंता नाही. मोठ्या मापाची चादर इथे घरचीच. पलंगाला सुतार वीतभर फळी जोडून देतो, पँटची मुडप उसवता येते. पण गाडी तोकडी पडली तर?

हा प्रश्न हल्ली बऱ्याच घरांतून ऐकू येतो. गाडी हौसेनं घेतलेली असते, हप्ते चालू असतात, आणि चालवणाऱ्याचे गुडघे स्टिअरिंगला लागत असतात. तुळजापूर किंवा अक्कलकोटला जाऊन येईपर्यंत निभावतं. पण पुण्याचा अडीचशे किलोमीटरचा रस्ता म्हटला, की टेंभुर्णी येईपर्यंत पाय आखडतात आणि भिगवणला उतरून माणूस आधी कंबर सरळ करतो, मग चहा मागतो. सीट तर शेवटच्या खाचेपर्यंत मागे गेलेलीच असते. मग कुणीतरी सुचवतं, "त्यात काय एवढं? सीट खालून कापायची आणि चार बोटं मागे वेल्डिंग करून घ्यायची. अर्ध्या दिवसाचं काम!"

मैत्रिणींनो, अशा वेळी "जरा थांबा" म्हणणारं घरात कुणीतरी हवं. ते तुम्ही म्हणावं, आणि का म्हणायचं तेही तुम्हाला सांगता यावं, म्हणून ही माहिती.

सगळ्यांना एकच माप कसं पुरेल?

तयार कपड्यांसारखंच गाडीचंही असतं. कारखाना एकेका माणसाचं माप घेत नाही. अगदी ठेंगण्या पाच टक्के बायका आणि अगदी उंच पाच टक्के पुरुष वगळून मधल्या सगळ्यांना गाडी बेतावी, असा या धंद्यातला जुना रिवाज आहे. तुमच्या घरातला माणूस त्या वरच्या पाच टक्क्यांतला असेल, तर दोष त्याचाही नाही आणि गाडीचाही नाही. त्यात आपल्याकडे २००६ सालापासून चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांवर कर कमी आहे. त्यामुळे लांबी तेवढ्यातच बसवायची आणि तीत इंजिनही, पाच माणसंही आणि सामानही मावायला हवं! मग इंच न् इंच मोजूनच दिला जातो.

गाड्यांच्या बाबतीत सोलापूरचं नातं तसं जुनं आहे. वालचंद हिराचंद हे १८८२ साली आपल्या सोलापुरातच जन्मले. १९४४ साली त्यांनी मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. पुढे फियाट आणि तिचीच 'पद्मिनी' ही नावं याच कंपनीमुळे घराघरांत पोचली. त्या काळच्या अँबॅसिडरसारख्या गाडीत पुढची सीट म्हणजे एक अखंड बाकच असायचा. उंच नवऱ्यानं तो मागे ढकलला, की शेजारी बसलेली बायकोही आपसूक मागे! आता दोन सीटा वेगळ्या झाल्या, ज्याची त्यानं हवी तशी सरकवावी. पण एका माणसाची सोय झाली की दुसऱ्याची जागा जाते, ही गोष्ट मात्र बदललेली नाही.

सीट म्हणजे नुसती गादी नव्हे

खुर्चीचा पाय मोडला तर माणूस फार तर जमिनीवर पडतो. गाडीच्या सीटचं तसं नाही. तिच्याखाली दोन पोलादी पट्ट्या असतात, गॅरेजवाले त्यांना रेल म्हणतात. त्या बहुधा चार बोल्टांनी गाडीच्या तळाशी आवळलेल्या असतात. गाडीचा तळ म्हणजे पातळ पत्रा. पण बोल्ट येतात तिथे त्याला आतून जाड पट्टीचा आधार दिलेला असतो. आधार तेवढ्याच जागी. त्याच्या चार बोटं मागे नवं भोक पाडून सीट बसवली, तर बोल्ट नुसत्या पत्र्यावर धरतो. रोजच्या जाण्यायेण्यात काही कळत नाही. कळतं ते धडक बसते तेव्हा!

हिशेब करून बघा. ताशी साठ किलोमीटरनं जाणारी गाडी धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर अंगावर आपल्या वजनाच्या सुमारे सतरापट ओढ येते. म्हणजे सत्तर किलोचा माणूस त्या क्षणी जवळजवळ बारा क्विंटलांचा! कापलेली रेल आणि वेल्डिंगचा टाका यांच्यावर एवढा भार कोण सोपवील? वेल्डिंगच्या उष्णतेनं पोलादाचा मूळचा कस जातो, आणि वरून रंग मारला की आतला टाका कसा आहे ते दिसतही नाही.

शिवाय पट्ट्याचं अर्धं काम सीटवरच असतं. बऱ्याच गाड्यांत पट्टा ज्यात खटकन् बसतो ते बक्कल सीटलाच जोडलेलं असतं. सीट उखडली की पट्टाही गेला. पट्ट्याचं वरचं टोक मात्र दोन दारांमधल्या खांबाला असतं, ते काही सीटबरोबर मागे येत नाही. सीट फार मागे गेली की खांद्याच्या मागून येणारा पट्टा खांद्याच्या पुढून येऊ लागतो, आणि खांद्याला टेकतच नाही. मग तो लावून उपयोग काय?

आधी माप, मग कात्री

ब्लाउज बेतताना आपण आधी टेप हातात घेतो. इथेही तसंच करा. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद ठेवा. घरातल्या उंच माणसाला चप्पल काढून नव्हे, तर रोज घालतो ते बूट घालून बसवा. पाठ आणि कंबर सीटला पुरती टेकलेली हवी. आता एकेक बघा.

क्लच तळापर्यंत दाबला तरी डावा गुडघा थोडा वाकलेला राहायला हवा. पाय ताठ झाला तर सीट जास्तच मागे आहे. उजवा पाय अॅक्सिलरेटरवरून ब्रेकवर नेताना गुडघा किंवा नडगी कुठेही अडखळता कामा नये. ही गोष्ट फार महत्त्वाची. साठच्या वेगात गाडी सेकंदाला सतरा मीटर जाते. पाय अडकून अर्धा सेकंद गेला तरी ती आठ मीटर पुढे गेलेली असते.

खांदे मागे टेकलेले ठेवून हात लांब केला, की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. छातीची मधली हाडं आणि स्टिअरिंगचा मध्य यांत निदान पंचवीस सेंटीमीटर, म्हणजे दहा इंच अंतर हवं. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत चालवणाऱ्यासाठी एअरबॅग सक्तीची झाली आहे, आणि ती फुगायला तेवढी जागा लागते. डोकं आणि छत यांत चार बोटं जावीत. मानेमागची उशी डोक्याच्या वरच्या टोकाला येईल एवढी वर उचललेली असावी. उंच माणसं ती हमखास खालीच ठेवतात! गुडघ्याची मागची बाजू आणि सीटची पुढची कड यांत दोन-तीन बोटं मोकळी राहिली की पुरे. हातभर जागा मोकळी असेल तर मांडीला आधार नाही, आणि लांबच्या प्रवासात कंबर धरते ती बहुधा त्यामुळेच.

ही मापं एका वहीत लिहून ठेवा. कारण पुष्कळदा असं निघतं की अडचण सगळी पायाची नसतेच.

पैसा न घालवता होण्यासारखं

पहिलं म्हणजे सीटवरची आवरणं उतरवून बघा. आपल्या गावचा उन्हाळा कडक, रेक्झिन तापून चटका बसतो. म्हणून कुणी टर्किश टॉवेल अंथरतं, कुणी जुनी चादर चौपदरी करून घालतं, कुणी मण्यांची गादी. पाठीमागे आणखी एक उशी. या सगळ्यांची जाडी मोजा! पाठीमागची दोन इंचांची उशी माणसाला दोन इंच पुढे ढकलते. म्हणजे जी जागा मिळवायला रेल कापायला निघालात, ती उशी काढून फुकटात मिळते. एक पातळ सुती आवरण पुरेसं आहे. तेही घेताना सीटच्या बाजूला एअरबॅग आहे का ते पाहा. सीटच्या कडेला तशी चिठ्ठी शिवलेली असते. असेल तर त्या बाजूनं उघडं राहणारंच आवरण घ्यावं, नाहीतर एअरबॅगला फुगायला वाट उरत नाही.

दुसरं, सीटखालची आणि रेलमधली साफसफाई. शेंगांची टरफलं, नाणी, मुलांची खेळणी, पाण्याची बाटली, काय काय तिथे सापडतं! एखादा खडा अडकला तरी सीट शेवटच्या खाचेत जात नाही. रेल झाडून पुसून घ्या आणि सीट पुन्हा मागे घेऊन बघा.

तिसरं, उंचीचा दांडा असेल तर सीट जरा वर उचलून पाहा. ऐकायला उलटं वाटेल, पण सीट वर गेली की पाय पुढे पसरण्याऐवजी खाली सुटतात, त्यामुळे लांबीची गरज कमी होते. पाटावर बसलं तर पाय पसरावे लागतात, स्टुलावर बसलं तर ते खाली सुटतात, त्यातलंच हे. डोकं छताला लागेपर्यंत मात्र उचलायची नाही. स्टिअरिंग वर-खाली होत असेल तर ते एक खूण वर घ्या, गुडघा सुटतो. काही गाड्यांत ते अंगाकडे ओढताही येतं. तशी सोय असूनही वर्षानुवर्षं कुणी वापरलेली नसते.

आणि एक करू नका. पायाला जागा मिळावी म्हणून पाठ आरामखुर्चीसारखी मागे पाडू नका. पाठ फार कलली की पट्टा छातीपासून सुटतो आणि धडकेत माणूस पट्ट्याखालून घसरतो. मग कंबरेचा पट्टा पोटात रुततो.

कुशनवाल्याकडे जायचं तर

एवढं करूनही भागलं नाही, तर पुढचा उपाय गादीचा. चांगला कुशनवाला सीटचं आवरण उसवून आतला फोम मागच्या भागात इंच-सव्वा इंच उतरवून देतो. माणूस तेवढा खाली आणि मागे बसतो. मग काढलेला फोम पुढच्या कडेला लावून घेतला तर लांब मांडीला आधार मिळतो. यात सांगाड्याला, रेलला, बोल्टांना हात लागत नाही, ही त्यातली जमेची बाजू. शक्य तर मूळचा फोम तसाच जपून ठेवून दुसरा बेतायला सांगा. उद्या गाडी विकायची झाली तर मूळचा बसवता येतो.

पण फोमला सुरी लावण्यापूर्वी सीटखाली डोकावा. तिथे पिवळ्या नळीतल्या तारा दिसल्या तर त्या एअरबॅगच्या. काही सीटच्या गादीत, कुणी बसलंय की नाही हे ओळखणारी पातळ पट्टीही असते. ती कापली गेली की पट्ट्याची सूचना देणारी घंटी वाजत राहते किंवा वाजतच नाही. अशी सीट असेल तर हे काम अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारल्याशिवाय नको. सीट गाडीतून काढायची वेळ आली, तर आधी बॅटरीची तार सोडून काही मिनिटं थांबायला सांगा. कारागीर हसला तर हसू दे!

रेल मागे न्यायचीच असेल तर

आता शेवटचा उपाय. सीट आणि गाडीचा तळ यांच्यामध्ये जाड पोलादी पट्टी बसवून सगळी रेल दोन इंच मागे घेता येते. ही पट्टी गाडीच्या मूळच्या चार भोकांतच आवळलेली असावी. नवं भोक नाही, कापणं नाही, वेल्डिंग नाही. बोल्ट मूळच्याच ताकदीचे हवेत; त्यांच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा अंक कोरलेला असतो, तो मूळच्या बोल्टावर जो असेल तोच किंवा त्याहून वरचा घ्यावा. बिनअंकी बोल्ट साध्या कामाचा. काम झाल्यावर सीट प्रत्येक खाचेत दोन्ही बाजूंनी खटकन् बसते का, पट्टा खांद्याच्या मधोमध येतो का, हे पुन्हा बसून बघायचं. मूळच्या सीटची आणि तिच्या बांधणीची गाडी बाजारात येण्यापूर्वी कसून परीक्षा झालेली असते. पुण्याच्या एआरएआय या १९६६ साली निघालेल्या संस्थेत अशाच चाचण्या होतात. आपल्या पट्टीची परीक्षा कुणीच घेतलेली नसते, हे विसरू नये. म्हणून तुमच्या गाडीसाठी कंपनीकडेच काही सोय आहे का, ते आधी विचारा.

कायद्याचंही बघायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे नोंदणीपत्रातल्या तपशिलाहून गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. एखादी सीटच काढून टाकली तर आसनांची संख्या बदलते, ती नोंदणीपत्रात लिहिलेली असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. तेव्हा कामाला हात घालण्यापूर्वी आरटीओत विचारावं आणि विमा कंपनीला लेखी कळवावं.

पण मागे कोण बसतं?

आतापर्यंत सगळा विचार उंच माणसाचा झाला. आता तुमचा करू. चालवणाऱ्याची सीट दोन इंच मागे गेली, की मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांची दोन इंच जागा गेली. तिथे बहुधा सासूबाई असतात, नाहीतर मांडीवर मूल घेतलेल्या तुम्ही! त्यापेक्षा पुढची डावी सीट पुढे घेऊन वयस्कर माणसाला डाव्या बाजूला मागे बसवा. तान्ह्याची सीटही तिकडेच. उंच चालकाच्या मागे घरातलं सगळ्यात छोटं माणूस, किंवा कुणीच नाही.

आणि मागे बसलं तरी पट्टा लावायचा, बरं का. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. मागचा माणूस सुटा असला की धडकेत तो पुढच्या सीटवर आदळतो. सीट जर अशी कापून जोडलेली असेल, तर पुढच्याचं आणि मागच्याचं, दोघांचंही काय होईल ते सांगायला नको.

दुसरी गोष्ट याहून मोठी. रेल दोन इंच मागे नेली की तिचं नुसतं मागचं टोक मागे जात नाही, पुढचंही जातं! म्हणजे पाच फुटी बाईला पूर्वी क्लच जेमतेम पोचत होता, तो आता पोचेनासा होतो. मग ती पाठीमागे उशी ठेवते, सीटच्या कडेवर बसते, नाहीतर सरळ गाडी चालवणंच सोडून देते. "हिला कुठे लागते गाडी?" असं म्हणायला सगळे मोकळे! पण रात्री-अपरात्री घरात कुणाला बरं नसलं, की तीच गाडी तुम्हाला काढावी लागते. तेव्हा सीटचं काम ठरवताना पाय दोघांचे मोजा. तुमचा क्लच तळापर्यंत दाबला जात असेल, तरच तो बदल घराच्या उपयोगाचा. नाहीतर कारागिराला सांगा, रेल मागे सरकवू नको, तिच्या जागी कंपनीची लांब रेल मिळते का बघ.

एक सोपी युक्ती. दोघांच्या सीटची जागा वेगळी असते आणि दर वेळी ती शोधत बसावं लागतं. रेलच्या कडेला जुन्या नेलपॉलिशचे दोन ठिपके लावून ठेवा, लाल तुमचा, गुलाबी त्यांचा. सीट आपल्या ठिपक्याला आणून खटका बसल्याची खात्री करा आणि मगच किल्ली फिरवा.

पुढची गाडी घेताना मात्र हे सगळं दुकानातच बघून घ्या. रंग आणि पडद्यावरची गाणी नंतर! आधी घरातल्या सगळ्यात उंच माणसानं पुढे बसावं, सीट त्याच्या मापाला लावावी, आणि त्याच्याच मागे घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसानं बसून दाखवावं. मग चालवायच्या जागी तुम्ही बसा आणि क्लच दाबून बघा. स्टिअरिंग पुढे-मागे होणारं आणि सीट वर-खाली होणारी, अशी गाडी थोडी महाग पडते. पण नंतर रेल कापत बसण्यापेक्षा स्वस्त. दुकानदार घाई करील, त्याला करू द्या. साडी नेसून पाहता येत नाही, गाडीत मात्र बसून पाहता येतं!